एक काडतूस, दोन हत्यारे : विंचेस्टर ते खडकी

हा धागा बंदुकांच्या तुलनेविषयी आहे. कोणती बंदूक सरस, एवढेच ज्यांना हवे असेल त्यांना ते उत्तर धाग्याच्या पूर्वार्धातच मिळेल. उरलेला धागा ते उत्तर इतिहासाच्या दृष्टीने अपुरे का आहे, यावर खर्ची पडणार आहे.

लिव्हर-ॲक्शन रायफल वेस्टर्न चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला, नावाने नसली तरी डोळ्यांनी ओळखीची असते. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि नळीखालच्या लांबट कोठीतून पुढचे काडतूस वर सरकते. कडी पुन्हा वर घेतली की ते काडतूस नळीत बसते. नेम, चाप, कडी, पुन्हा नेम. ठासणीच्या बंदुकीत एक बार भरायला जो वेळ लागे, तेवढ्यात ही रायफल आपली सारी कोठी रिती करी.

या रायफली आजही बनतात. त्यांतील एक गट विशेष चर्चेत असतो : रिव्हॉल्व्हरसाठी घडवलेले ‘मॅग्नम’ काडतूस चालवणाऱ्या लिव्हर-ॲक्शन रायफली. .३५७ मॅग्नम हे काडतूस अमेरिकेत १९३५ मध्ये आले आणि .४४ मॅग्नम त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी. दोन्हींचा जन्म कमरेच्या हत्यारासाठी झाला. रायफलवाल्यांनी ती नंतर आपलीशी केली. मग मार्लिन बरी की विंचेस्टर, हेन्री बरी की रॉसी, हा वाद सुरू झाला आणि तो आपल्याकडील, असली रायफल कधी हातातही न घेतलेल्या इतिहासप्रेमींपर्यंत येऊन पोहोचला. माझे मत असे की, हा वाद यंत्रणेपासून सुरू केला तर तो केवळ आवडीनिवडीचा उरतो. तो काडतुसापासून सुरू करावा. तसे केल्यास अमेरिकेतून निघालेली वाट थेट पुणे जिल्ह्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यापाशी येऊन थांबते.

आधी तुलना.

या साऱ्या घराण्याचे मूळ १८६० च्या हेन्री रायफलीत आहे. तिच्यातून १८६६ ची पितळी अंगाची विंचेस्टर निघाली आणि तिच्यातून १८७३ ची. या १८७३ च्या विंचेस्टरबरोबर .४४-४० नावाचे काडतूस आले. पाच-सहा वर्षांतच कोल्ट कंपनीने आपले रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठी बनवायला घेतले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दूरच्या प्रदेशात, जिथे पुढचे दुकान चार दिवसांच्या वाटेवर आहे, तिथे माणसाला कमरेच्या आणि खोगिराच्या हत्यारासाठी दोन प्रकारची काडतुसे वाहावी लागत नव्हती. पट्ट्यातील कोणतेही काडतूस कोणत्याही हत्यारात चाले. १८७३ च्या प्रतिमानाच्या सात लाखांहून अधिक रायफली बनल्या, त्यामागे या सोयीचा वाटा मोठा होता.

यंत्रणा म्हणून मात्र ती रायफल नाजूकच. तिचा खटका गुडघ्यासारख्या सांध्यावर पेललेला असे आणि जोरदार काडतुसाचा धक्का त्या सांध्याला सोसत नसे. ही उणीव जॉन ब्राउनिंगने १८९२ च्या आराखड्यात दूर केली. त्याने खटक्याच्या मागे खालून वर येणारे दोन उभे पोलादी खिळे बसवले आणि रायफल हलकी असूनही दणकट झाली. ब्राझीलची रॉसी कंपनी आज जी रायफल विकते ती या १८९२ च्या आराखड्याचीच आवृत्ती. मार्लिनची १८९४ ही वेगळ्या घराण्यातली. तिचा माथा बंद असतो आणि पुंगळी उजव्या अंगाने बाहेर पडते, त्यामुळे तिच्यावर दुर्बीण सहज बसते. विंचेस्टरमध्ये पुंगळी वरून उडत असल्याने तिथे दुर्बिणीला जागाच नसते. हेन्री नावाची आजची कंपनी १९९६ ची. जुन्या हेन्रीशी तिचे नाते नावापुरते. तिच्या मूळ रायफलीत काडतुसे पुढून, कोठीच्या तोंडातून भरावी लागत आणि बाजूचे दार पुढे आले. मला विचाराल तर रचनेची सुबकता ब्राउनिंगकडे आणि रोजच्या वापराची सोय मार्लिनकडे. एवढे बोलून हा भाग संपवता येतो.

पण आकडे पाहा. .३५७ मॅग्नमची सुमारे दहा ग्रॅमची गोळी आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण ३८० मीटर वेगाने निघते. तीच गोळी, त्याच पुंगळीतून, रायफलीच्या लांब नळीतून झाडली तर वेग ५५० मीटरच्या आसपास जातो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती दुप्पट होते. कारण सोपे आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरती कोठी आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो, शिवाय नळी आखूड असल्याने उरलेला वायू गोळीला पुरते ढकलण्याआधीच ती बाहेर पडते. रायफलीत फट नाही आणि ढकलायला अर्ध्या मीटरची नळी आहे. .४४ मॅग्नमलाही लाभ होतो, मात्र वेग सुमारे एक तृतीयांशानेच वाढतो. त्याची गोळी अधिक जड असल्याने एकूण मारा तरीही त्याचाच मोठा.

आता मार्लिन आणि रॉसी यांच्यातील फरक या आकड्यांत शोधा. सापडणार नाही. एकच काडतूस दोन्हींत घाला, लक्ष्याला कोणत्या कारखान्याची रायफल होती हे कळायचे नाही. .३५७ ऐवजी .४४ घाला, तत्काळ कळेल. तसेच, कोठीत काडतुसे एकामागे एक रांगेने बसतात आणि मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडातील टोपीला टेकलेले असते. त्यामुळे टोकदार गोळी तिथे धोक्याची; चपट्या तोंडाची गोळीच हवी आणि रिव्हॉल्व्हरची गोळी चपट्या तोंडाची असतेच. थोडक्यात, काडतुसाने रायफलीला आकार दिला आहे.

इथून इतिहास सुरू होतो, आणि तो चाकणपासून सुरू करणे मला योग्य वाटते.

१६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने झुंजवला आणि अखेर बुरुजाखाली सुरुंग उडवून मोगलांनी वाट केली, हे तुम्ही जाणताच. त्या तटावरून झाडल्या गेलेल्या तोड्याच्या बंदुकांना आजच्या अर्थाने काडतूस नव्हते. दारू वेगळी, गोळी वेगळी, वात वेगळी. बंदुकीची नळी ज्या मापाची असेल त्या मापाच्या साच्यात शिसे ओतायचे. एका बंदुकीची गोळी दुसऱ्या बंदुकीला बसेलच असे नाही. ही गैरसोय खरी; पण तिच्यात एक स्वातंत्र्यही दडलेले होते. शिसे, गंधक, सोरा आणि कोळसा मिळाला की गावचा लोहार आणि गडावरचा दारूवाला मिळून बंदूक बोलती ठेवू शकत. सत्तेला बंदुका मोजता येत, गोळ्या मोजता येत नसत.

पितळी पुंगळीच्या काडतुसाने हे चित्र उलटवले. दारू, गोळी आणि पेट घेणारी टोपी एकाच कवचात बंद झाली. पितळ एका मापात ओढणारी यंत्रे आणि टोपीचे रसायन, दोन्ही कारखान्यातच शक्य. बंदूक वेगवान झाली आणि त्याच क्षणी ती कारखान्याची बांधील झाली. ज्याच्या हाती काडतुसाचा कारखाना त्याच्या हाती बंदूक, मग ती कोणाच्याही खांद्यावर का असेना. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला लाकोटा आणि शायेन योद्ध्यांच्या हाती हेन्री आणि विंचेस्टर होत्या, तर कस्टरच्या घोडेस्वारांकडे एकबारी कार्बाईन. ती लढाई योद्ध्यांनी जिंकली. पण त्यांच्या रायफलींना लागणारी काडतुसे व्यापाऱ्याकडूनच येत आणि व्यापाऱ्यावर अंकुश सरकारचा. पुढच्याच वर्षी प्लेव्हना येथे उस्मानी तुर्कांनी रशियन फौजेवर विंचेस्टरचा मारा केला. दूरच्या पल्ल्याला पीबॉडी-मार्टिनी आणि जवळच्या पल्ल्याला विंचेस्टर, खंदकात शेजारी काडतुसांच्या पेट्या. हजारो रशियन सैनिक त्या माऱ्यात पडले. युरोपच्या लष्करी वर्तुळांत त्यावर पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते त्यात रायफलीइतकेच श्रेय त्या पेट्यांना आहे.

प्लेव्हना १८७७ चे. भारतातील शस्त्र कायदा १८७८ चा. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे मी म्हणणार नाही, तसा दावा निराधार ठरेल. पण दोन्ही घटना एकाच जगातल्या आहेत, आणि त्या जगात काडतूस ही राज्यकर्त्यांची मोठी चिंता होती.

इंग्रजांच्या बाबतीत तर ही चिंता जिव्हारी लागलेली होती. १८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या वस्तूतून पडली ती वस्तू काडतूसच होते, एन्फिल्ड रायफलीचे, चरबी लावलेल्या कागदाचे. उठाव शमल्यावर देशी पलटणींना आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. पुढे गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी शिपायांच्या हाती स्नायडर, आणि गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा देशी शिपायांकडे मार्टिनी. नेहमी एक पिढी मागे. एकाच सैन्यात दोन काडतुसे ठेवणे पुरवठ्याच्या दृष्टीने डोकेदुखीचे; ती डोकेदुखी राज्यकर्त्यांनी जाणूनबुजून पत्करली, कारण एका गटाची काडतुसे दुसऱ्याच्या बंदुकीत बसू नयेत हीच तिची किंमत आणि हाच तिचा लाभ. अमेरिकेत १८७३ नंतर ‘एक काडतूस, दोन हत्यारे’ ही सोय होती. हिंदुस्थानात नेमकी तीच गोष्ट टाळायची होती.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तो उभा राहिल्यावर नऊ वर्षांनी लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना त्यातून सूट. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे परिसरात बंड उभारले. ते स्वतः पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. म्हणजे ज्या लष्कराचा जमाखर्च त्यांनी लिहिला त्याचाच काडतुसांचा कारखाना शहरापासून काही मैलांवर चालू होता, आणि त्यांच्या रामोशी साथीदारांना पैसा आणि शस्त्रे यांची ओढगस्त अखेरपर्यंत सुटली नाही. बंड फसले याची कारणे अनेक आहेत. त्यांत हे कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीतही येत नाही, याचे मला वैषम्य वाटते.

आता चिंचवडकडे वळू. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी आयर्स्टवर गोळी झाडली. चापेकर बंधू चिंचवडचे. चिंचवडपासून खडकी दहा-बारा किलोमीटर. पिस्तुलांच्या जोडीला त्यांनी तलवारीही घेतल्या होत्या. आज काही जण हे पराक्रमाचे रोमांचक अलंकरण म्हणून सांगतात. मला त्यात व्यवहार दिसतो. पहिला बार चुकला किंवा फुसका गेला तर दुसऱ्याची खात्री नसलेल्या माणसाची ती तजवीज आहे. त्याच १८९७ सालच्या अमेरिकेत सिअर्स कंपनीचे जाडजूड सूचीपत्र घरोघर जात होते, आणि त्यातून विंचेस्टर रायफल टपालाने मागवता येत होती. एकाच वर्षातली ही दोन दृश्ये शेजारी ठेवा. रँडला मारणाऱ्यांचे धैर्य मोजायचे असेल तर पिस्तुलाच्या मारक शक्तीचे कोष्टक कामाचे नाही. हे अंतर कामाचे आहे.

बारा वर्षांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडले. हा तोच ब्राउनिंग, १८९२ च्या विंचेस्टरचा आराखडाकार. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत अशी वीस पिस्तुले पाठवली होती, आणि त्यांच्याबरोबर काडतुसेही पाठवावी लागली. कारण त्या काडतुसाला इथल्या बाजारात वाट नव्हती. पिस्तूल एकदा आणले की आयुष्यभर पुरते. काडतूस मात्र प्रत्येक बाराला नवे लागते. गुप्त संघटनांचा इतिहास वाचताना हा हिशेब मनात ठेवला तर अनेक निर्णय उलगडतात.

विसाव्या शतकात सरकारने हाच विचार बोअरच्या आकड्यांत बसवला. सैन्याचे काडतूस .३०३. मग शिकारी आणि शेतकरी परवानाधारकांसाठी ली-एन्फिल्डच्याच सांगाड्यावर .३१५ ची रायफल आली, ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसाची, ज्यात .३०३ बसत नाही. पोलिसांवरही पूर्ण विश्वास नव्हता. इशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींची नळी कोरून आटे काढून टाकले, .४१० ची गुळगुळीत मस्केट केली आणि ती पोलिसांच्या हाती दिली. दिसायला रायफल, आतून छऱ्याची बंदूक. त्या काळची राज्यपद्धती एका वस्तूत दाखवायची झाल्यास मी हीच मस्केट दाखवीन.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी तो हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. सर्वांनाच सरसकट शस्त्राचा हक्क दिल्यास सार्वजनिक शांततेचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. या वादात मी निःसंशय आंबेडकरांच्या बाजूचा आहे. ‘इंग्रजांनी शस्त्रे काढून घेतली म्हणून समाज दुबळा झाला’ हे वाक्य आजकाल फार ऐकू येते. ज्या समाजात शस्त्र कोणाच्या घरी आणि लाठी कोणाच्या पाठीवर हे जातीने ठरत आले, तिथे बंदुकीच्या मुक्त बाजाराने कोणाचे बळ वाढले असते हे सांगायला फार कल्पकता लागत नाही.

पण हक्क नाकारणे वेगळे आणि जुन्या राज्यकर्त्यांची विचारपद्धती जशीच्या तशी उचलणे वेगळे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे शस्त्र नियम वाचा. कोणते हत्यार सामान्य परवान्याबाहेर, हे ठरवताना नियम विचारतो की या हत्यारात सैन्याचे काडतूस बसते का, आणि झाडता येते का. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, .४१० च्या मस्केट, आणि .३८०, .४५५, ९ मिलिमीटर किंवा .४५ ची सैनिकी काडतुसे चालवू शकणारी पिस्तुले, रिव्हॉल्व्हर व कार्बाईन, सगळी त्या यादीत. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाईन एकाच वाक्यात, एकाच काडतुसाच्या मापाने मोजलेले! लिव्हर-ॲक्शनच्या चाहत्यांना हे वाक्य वाचून गंमत वाटावी. १८७३ च्या विंचेस्टरची सारी युक्ती आमच्या नियमकारांना पुरती कळलेली होती. म्हणूनच आपल्या परवानाधारकाच्या वाट्याला .३१५ ची रायफल, .३२ चे रिव्हॉल्व्हर, बारा बोअरची बंदूक आली. कानपूरचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये गाजावाजात आले तेही .३२ चेच. ऐंशीच्या दशकात खासगी आयात जवळजवळ बंद झाल्यावर मॅग्नमची लिव्हर-ॲक्शन रायफल इथे चर्चेपुरतीच उरली.

नियमामागे तर्क नाही असे नव्हे. सैन्याचे काडतूस खासगी हत्यारात बसत नसेल तर कोठारातून ते चोरण्यात अर्थ उरत नाही. तर्क पक्का आहे. परंतु त्याची नजर छावणीच्या भिंतीकडे लागलेली होती, कारण १८५७ तिथून आले होते.

गळती मात्र दुसऱ्या बाजूने झाली. उत्तर भारतातील फौजदारी खटल्यांचे निकाल वाचा. जप्त केलेल्या देशी कट्ट्यासोबत जिवंत काडतूस, आणि पंचनाम्यात त्याच्या बुडावरील शिक्का : ‘८ एमएम केएफ’. हा शिक्का निकालांमागून निकालांत भेटतो. ‘८ एमएम’ म्हणजे आपले .३१५. ‘केएफ’ म्हणजे खडकीचा कारखाना. सैन्याच्या काडतुसापासून दूर राहण्यासाठी जे वेगळे माप परवानाधारकाला दिले, तेच माप कट्टा बनवणाऱ्याने आपल्या नळीला दिले, कारण बाजारात पोहोचणारे काडतूस तेच होते. पुन्हा काडतुसानेच हत्याराला आकार दिला. कॅलिफोर्नियाचा कोल्टवाला आणि उत्तरेतला कट्टेवाला यांचा हिशेब एकच : जे मिळते, ते बसले पाहिजे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट पुस्तकी वाटू नये. ‘गावठी पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसे जप्त’ ही बातमी इथल्या स्थानिक पानांवर सतत येते. त्यांतली कितीतरी पिस्तुले सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातील उमर्टीच्या वाटेने येतात. पिस्तूल बहुधा ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे परवान्यावर मिळणाऱ्या .३२ पिस्तुलाच्याच मापाचे. बातमीत पिस्तुलाचे छायाचित्र मोठे, आणि मजकूर पिस्तूल कोणी आणले इथेच संपतो. काडतूस कोणत्या दुकानातून, कोणाच्या परवान्यावर, कोणत्या वर्षी निघाले, हा प्रश्न क्वचितच विचारलेला दिसतो. गावठी पिस्तूल कुठल्याही भट्टीत घडते, त्याचा माग काढणे कठीण. कारखान्याच्या काडतुसाच्या बुडावर मात्र शिक्का असतो. मला वाटते तपासाचा आणि बातमीचा रोख तिकडे वळायला हवा. हत्यारासोबत रील टाकणाऱ्या पोरांवर कलम ३ आणि २५ लावणे हे त्याहून पुष्कळ सोपे काम आहे.

या धाग्याखाली ‘मग तुमच्या मते सर्वोत्तम लिव्हर-ॲक्शन कोणती?’ असे कोणीतरी विचारणारच. १८९२ चा आराखडा, .३५७ चे काडतूस. लांब नळीचा लाभ त्यालाच अधिक म्हणून. उत्तर दिले.

आता माझी एक मागणी, इतिहासप्रेमींकडे आणि संग्रहालयांकडेही. आपल्याकडच्या शस्त्रदालनांत बंदुकीखालच्या पाटीवर बहुधा ‘बंदूक, एकोणिसावे शतक’ एवढेच असते; फार तर मुठीवरच्या नक्षीचे वर्णन. तलवारीच्या पात्याची जात सांगणारे आपण बंदुकीचा बोअर सांगत नाही, ती ठासणीची की काडतुसाची हेही पुष्कळदा सांगत नाही. पुढच्या वेळी पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा अन्य कुठल्या दालनात गेलात तर आधी नळीचे तोंड पाहा, मग मागची बाजू पाहा, आणि हिला लागणारी गोळी कोण ओतत होता, लोहार की कारखाना, हे तिथल्या अभिरक्षकांना विचारा. उत्तर मिळाले तर इथे खाली लिहा. पुढचा धागा देशी पलटणींच्या स्नायडरवर आहे. त्यात मी ती उत्तरे घेईन.